सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

वरसे गावात धोंडुबाईंच्या ओसरीवर सतरंजी अंथरून झाली होती, पेटीवरचं कापड निघालं होतं, आणि शांती अजून दारातच उभी होती. कडेवर चौदा महिन्यांची रूथ आणि नजर समोरच्या गच्चीत वाळत घातलेल्या साड्यांवर. साड्या घराच्या दिशेने फुगत होत्या. म्हणजे आज वारा कारखान्यांकडून इकडे होता.

"झालं का वारा बघून?" आतून धोंडुबाई म्हणाल्या. "अगो, देवानं सहा दिवसांत जग केलं ते तुला न विचारता केलं. आज एक दिवस वारापण त्यालाच सांभाळू दे. बस जरा."

ओसरीवरच्या दोघीतिघी हसल्या. शांतीही हसली, पण दारातून हलली नाही.

धोंडुबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आसपासच्या मोजक्या ख्रिस्ती घरांची रविवारची उपासना त्यांच्याच ओसरीवर व्हायची, आणि महिन्यातून एकदा पेणहून म्हातारे पाळक दत्तात्रेयबाबा यायचे. आज तो रविवार होता. बाबांना एकट्याने गाडीत चढता-उतरता येत नसे, म्हणून शांतीचा नवरा दिनानाथ सकाळच्याच गाडीने त्यांना आणायला पेणला गेला होता. अकराला उपासना. तोवर दोघं पोचायचे होते.

खरं म्हणजे दिनानाथची आज कंपनीत सकाळची पाळी होती.

कंपनीच्या गेटवर एक लाकडी फळा होता. फळ्यावर खिळे, खिळ्यांखाली नंबर. कामावर आलेल्या माणसाने आपला पितळी बिल्ला आपल्या खिळ्याला टांगायचा आणि सुटताना काढून खिशात टाकायचा. फळ्याकडे बघितलं की आत कोण आहे ते कळायचं. तोंड कोण बघतो! गेटवरचा माणूस नंबर बघायचा. मग कुणाची हळद असली, कुणाचा पाहुणा आला, की बिल्ल्यांची अदलाबदल व्हायची. दिनानाथचा सत्तेचाळीस नंबर रविवारी टांगायचा काळूराम, आणि त्या बदल्यात गौरी-गणपतीला आणि शिमग्याला काळूरामचा बिल्ला दिनानाथ टांगायचा. काळूराम निडीकडचा, भाताचा आणि वालाचा शेतकरी, कंपनीत पंपघरावर. तीन वर्षं हे असं चाललं होतं. "तुझा देव दर आठवड्याला सुट्टी मागतो, माझा वरसातून दोनदा. सौदा माझ्या तोट्याचाच हाय," असं काळूराम म्हणायचा आणि तरी दर शनिवारी बिल्ला मागून न्यायचा.

फळ्याशेजारी पाटी होती: बिल्ला बदलणाऱ्यास तत्काळ कामावरून कमी करण्यात येईल. ती पाटी शांतीने स्वतः वाचली होती.

पेणच्या कॉलेजातून ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, आणि तेच तिच्या जिवाला लागलं होतं. इतर बायकांचे नवरे 'केमिकलला' जायचे. शांतीचा नवरा कुठल्या वायूजवळ उभा राहतो, तो वायू हवेपेक्षा जड की हलका, हे तिला माहीत होतं. म्हणून ती रोज विचारायची. आज कुठे होतास? दार किती पावलांवर? जिना कुठल्या अंगाला? दिनानाथ आधी वैतागायचा, मग सांगायचा. तिच्या प्रार्थनेच्या वहीत पुढच्या पानांवर विनंत्या होत्या. 'दिनानाथला कायम करावं' ही ओळ तीन वर्षं दर महिन्याला नव्याने लिहिलेली. आधीची कंपनी बंद पडल्यावर आठ महिने घरात बसलेला नवरा तिने बघितला होता, म्हणून ती ओळ लिहिताना पेन जरा जास्तच दाबलं जायचं. आणि वहीच्या शेवटच्या पानावर कंपनीचा नकाशा होता. दारं, जिने, टाक्या. कधी न बघितलेल्या जागेचा, नुसत्या प्रश्नांवरून काढलेला.

ते पान एकदा धोंडुबाईंनी बघितलं होतं. "पुढं प्रार्थना आणि मागं पळायची वाट," त्या म्हणाल्या होत्या. "तुझा भरवसा नक्की कुठल्या पानावर हाय, शांते?"

शांतीला ते लागलं होतं.

पुढच्या महिन्यात कायम करण्याची पत्रं निघणार होती. यादीत दिनानाथचं नाव होतं.

नऊ चाळीसला भोंगा झाला.

रोजचा पाळीचा भोंगा सरळ वाजायचा. हा वर चढला, खाली आला, पुन्हा चढला. शांतीने साड्यांकडे पाहिलं, आणि रूथला धोंडुबाईंच्या मांडीवर देऊन टाकलं.

"खिडक्या लावून घ्या, मावशी. फटींना ओली फडकी. काही वास आला तर पोरीला घेऊन माडीवर जा, खाली थांबू नका."

"आणि तू? दिना तर पेणला गेलाय ना?"

"काळूराम आत आहे," शांती म्हणाली, आणि रिक्षा बघायला पळाली.

रिक्षात ती दिनानाथचा नंबर लावत राहिली. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. गाडी आता कासू स्टेशन सोडून पुढे आली असेल. तिथून निडीपर्यंत फोन लागत नसे, हे तिला ठाऊक होतं. तरी ती लावत राहिली, आणि मध्येमध्ये नुसतं "प्रभू, प्रभू" एवढंच म्हणत राहिली. पुढचं वाक्य येत नव्हतं.

गेटबाहेर माणसं रस्त्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या उलट्या बाजूला हटवलेली होती. पाण्याच्या टाकीत औषध जास्त पडावं तसा वास डोळ्यांत चुरचुरत होता. क्लोरीन. शांतीने पदर तोंडाला लावला. बाहेर आलेली माणसं खोकत, हसत, शिव्या देत आपापले नंबर सांगत होती. ऑपरेटर जगन आणि आणखी तिघांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतं. जगन शुद्धीवर नव्हता म्हणे.

गेटवरचा कारकून महिपती फळा खांद्यावर घेऊन बाहेर आला होता. तो एकेक नंबर ओरडत होता आणि माणसं "हाय" म्हणून बिल्ला काढून नेत होती. दवाखान्यात नेलेल्यांचे त्याने स्वतः काढले. शेवटी बाकी सगळे खिळे मोकळे झाले आणि एकच बिल्ला उरला.

"सत्तेचाळीस," महिपती म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने, "सत्तेचाळीस! दिनानाथ साळवे!"

बिल्ला न्यायला कुणी पुढे आलं नाही. शांतीला चारी बाजूंनी वळलेली तोंडं दिसली. कुणीतरी म्हणालं, "ती बघ त्याची बायको." बायकांनी वाट केली.

सुरक्षेचे साहेब हैबतराव जीपपाशी उभे होते. त्यांच्यासमोर चौघं जण तोंडावर मुखवटे आणि पाठीवर हवेची नळकांडी चढवत होते. "साळवे फिल्टरवर असतो, दुसऱ्या मजल्यावर," हैबतराव सांगत होते. "सरळ जिन्याने वर. तिथे नसला तर तिसरा मजला बघा, वर पळाला असेल. नळकांड्यात अर्ध्या तासाची हवा आहे, ध्यानात ठेवा. आत शंभर जागा आहेत, शोधत फिरायचं नाही."

चौघं आत गेले. शांतीने घड्याळ पाहिलं. दहा वाजून सहा मिनिटं.

फिल्टरवर कुणी नव्हतंच. हे त्या गर्दीत एकट्या तिला माहीत होतं.

काळूराम दुसऱ्याच्या बिल्ल्यावर आत असला की जगन त्याला फिल्टरवर उभा करत नसे; साहेबाने बघितलं तर सगळेच अडकायचे. फिल्टर जगन स्वतः सांभाळायचा, आणि काळूराम आपल्या नेहमीच्या पंपघरात जाऊन बसायचा. रविवारी पंप बंद, तिकडे कुणी फिरकत नसे. तो आतून कडी लावून घ्यायचा. कंपनीच्या मागच्या अंगाला, तीन पायऱ्या उतरून. तीन पायऱ्या खाली! शांतीच्या नकाशावर त्या पायऱ्यांपाशी तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: जड वायू इथे साठेल.

बोलायला हवं होतं. दोन वाक्यं. साहेब, आत माझा नवरा नाही, काळूराम आहे. पंपघरात आहे.

आणि ती दोन वाक्यं तोंडातून गेली की दिनानाथची नोकरी गेली. पत्र गेलं. आठ महिने भिंतीकडे तोंड करून निजणारा तो माणूस पुन्हा घरात आला. रूथचं दूध, भाड्याची खोली, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

तिने फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

प्रभू, ती मनात म्हणाली, तू दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून सांग. जगनला शुद्ध येऊ दे. नाहीतर तो फोन तरी लागू दे, दिनाला विचारू दे. हे मी एकटीनं कसं ठरवू?

"शांते! गो शांते!"

गर्दीतून जनी आली. काळूरामची बायको. डोक्यावर वालाच्या शेंगांची टोपली, रविवारच्या बाजारातून तशीच धावत आलेली. टोपली खाली टाकून तिने शांतीचे दोन्ही हात धरले.

"बाजारात कुणी म्हनलं सत्तेचाळीस नंबर राहिला आत. माझ्या काळजात चर्र झालं गो. तुजाच ना तो?"

शांतीने मान हलवली. होय की नाही, ते तिलाही कळलं नाही.

"रडू नको. तू शिकलेली बाय, तू धीर सोडलास तर कसं व्हयाचं? आमचं येडं बघ, सुट्टीच्या दिवशी शेतावर जातो म्हनून पहाटेच गेला. आज असता तर शिरला असता आत तुझ्या मालकापाठी. लय जीव हाय त्याचा दिनाभाऊंवर."

काळूरामने बायकोला सांगितलं नव्हतं. तिच्या शेंगा साहेब लोकांच्या घरी जायच्या आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं, म्हणून. शांतीला हे माहीत होतं; दिनानाथ हसून सांगायचा. आता जनीची खरखरीत बोटं तिच्या बोटांत गुंतली होती आणि तिचा तळवा शांतीचा हात चोळत होता, थंडीने काकडलेल्या पोराचा चोळावा तसा.

दहा वाजून अकरा मिनिटं.

मुखवटेवाल्यांपैकी एक जण मागे आला. फिल्टरवर कुणी नाही. तिसऱ्या मजल्यावर बाकीचे चढताहेत. हैबतरावांनी कपाळ पुसलं.

शांती एक पाऊल पुढे गेली आणि थांबली. नळकांड्यांत हवा आहे अजून, तिने स्वतःला सांगितलं. खाली येताना बघतील मागची बाजू. कदाचित काळूराम आधीच बाहेर पडला असेल, मागच्या भिंतीवरून. तो चपळ आहे. कदाचित... आणि प्रत्येक 'कदाचित'ला ती प्रार्थना समजत होती. देव करील काहीतरी. तू फक्त थांब, शांती. विश्वास ठेव आणि थांब.

"पानी पी," जनी म्हणाली. कुणाची तरी बाटली तिने आणली होती. "घे गो. आनि हे बघ, मी धावीरबाबाला नारळ बोलले. तुझ्या मालकासाठी. तुमच्यात चालतं की नाय मला ठाव नाय, पन बोलले. तुझा देव रागवंल का?"

बाटली शांतीच्या हातात होती. जनी तिच्या तोंडाकडे बघत होती, खरोखरच्या काळजीने. तिला उत्तर हवं होतं.

तेव्हा शांतीला कळलं की आपण मघापासून देवाकडे वाट मागत नव्हतो. वाट सुरुवातीपासून समोर होती. आपण त्याच्याकडे ती न चालण्याची परवानगी मागत होतो. धोंडुबाईंचा प्रश्न आता अगदी साधा झाला होता. भरवसा कुठल्या पानावर आहे? नोकरीच्या ओळीवर, की ज्याच्यापुढे ती ओळ लिहिली त्याच्यावर?

"नाही रागावणार," ती म्हणाली. तिने जनीचा हात सोडला आणि रस्ता ओलांडला.

"बाई, मागे व्हा," महिपती ओरडला.

"साहेब, आत दिनानाथ नाही. काळूराम आहे. त्यांनी बिल्ले बदललेत."

हैबतरावांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही घाबरलाय. आम्ही शोधतोय त्याला."

"मी घाबरलेली नेहमीच असते, साहेब. पण हे खरं आहे. दिनानाथ पेणहून येणाऱ्या गाडीत आहे. आत काळूराम आहे आणि तो पंपघरात आहे."

"पंपघर रविवारी बंद असतं."

"म्हणूनच तो तिथे बसतो. कुलूप बाहेरून नसतं, तो आतून कडी लावतो. हे बघा." जीपच्या बॉनेटवर धूळ होती. तिने बोटाने रेघा ओढल्या. रेघा सरळ आल्या. "हे गेट. हा तुमचा जिना, तुमची माणसं इकडे आहेत. ही टाकी, हिला वळसा घालून मागच्या भिंतीकडे. इथे तीन पायऱ्या खाली. क्लोरीन जड असतो, साहेब, तो वर नाही जाणार, इथे उतरणार. तुमची माणसं उलट्या बाजूला चढताहेत."

हैबतराव धुळीतल्या रेघांकडे बघत राहिले. "तुम्ही आत कधी आलात?"

"नाही आले. रोज विचारते."

परत आलेल्या माणसाला त्यांनी दंड धरून जीपपाशी आणलं, रेघा दाखवून पुन्हा आत धाडलं, आणि हातातल्या यंत्रात ओरडले, "खाली या! सगळे खाली! मागच्या पंपघराकडे. दार आतून बंद असेल, फोडा!"

दहा वाजून सतरा मिनिटं. शांतीने पाहिलं. अकरा मिनिटं ती गप्प होती.

ती वळली तेव्हा जनी तिच्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"काळूराम?" जनी म्हणाली. "आमचा?"

"जनी..."

"मी तुजा हात धरून उभी व्हते." आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी तुला पानी दिलं. आनि तुला ठाव व्हतं?"

"हो."

"नोकरीसाठी?"

"हो," शांती म्हणाली. खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. "नोकरीसाठी."

जनीचा हात उठला. शांतीने डोळे मिटले नाहीत. पण हात तसाच वर राहिला आणि मग जनीने तो स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला आणि ती मटकन खाली बसली. बायका धावल्या. शांती तिच्याशेजारी जमिनीवर बसली. जनीने अंग चोरून घेतलं, पण ऊठ म्हणाली नाही.

आता शांतीच्या हातात काही नव्हतं. विचारायला प्रश्न नव्हता, मोजायला दार नव्हतं. तिने प्रार्थना केली, आणि पहिल्यांदा तिच्या प्रार्थनेत 'कदाचित' आलं नाही. प्रभू, त्याला बाहेर काढ. माझी अकरा मिनिटं त्याच्यावर घालू नकोस.

आतून लोखंडावर घण बसल्याचे आवाज आले. एक, दोन, तीन. मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' फार लांबलं. महिपतीसुद्धा फळा धरून तसाच उभा राहिला.

मग चौघं दिसले. मध्ये एक झोळीसारखं, लोंबत्या हाताचं. तोंडाला ओला गमछा बांधलेला.

"जिता हाय!" कुणीतरी ओरडलं. "खोकतोय!"

जनी उठली कशी, पळाली कशी, गाडीत चढली कशी, कुणालाच कळलं नाही. गाडी गेली. रस्त्यावर वालाच्या शेंगांची टोपली राहिली.

मुखवटा काढलेला एक माणूस हैबतरावांना सांगत होता, "दाराखालच्या फटीत त्यानं ओलं गोणपाट कोंबलं होतं, साहेब. आणि स्वतः वरच्या पाइपावर चढून बसला होता. आणखी दहा मिनिटं नसता टिकला. कोणी शिकवलं होतं त्याला काय माहीत."

शांतीला माहीत होतं. गेल्या शिमग्यात काळूराम घरी पुरणपोळी घेऊन आला होता तेव्हा तिने त्यालाही प्रश्न विचारून भंडावलं होतं, आणि शेवटी म्हणाली होती, भाऊजी, कधी काही झालंच तर खाली बसू नका, उंचावर चढा, फट बुजवा. तो हसला होता. "वहिनी, तुमी कंपनीत साहेब व्हा."

महिपतीने फळ्यावरून सत्तेचाळीस नंबर काढून हैबतरावांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि खिशात टाकला.

"दिनानाथला उद्या ऑफिसात यायला सांगा," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "मला वर लिहावं लागेल, बाई. सगळं लिहावं लागेल. पत्ता कोणी सांगितला तेही लिहीन. पुढचं माझ्या हातात नाही."

"तुमच्या हातात नाहीच, साहेब," शांती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. "निडी सोडलं," दिनानाथचा आवाज खुशीत होता. "बाबा मजेत आहेत, सगळ्या डब्याला गाणी शिकवताहेत. चहा ठेवायला सांग."

तिने सांगितलं. मध्ये न थांबता, अकरा मिनिटांसकट.

"काळू जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग झालं," तो म्हणाला. आवाज बसला होता. "शांती, मी असतो तर मीही लगेच बोललो असतो की नाही, सांगता येत नाही. दवाखान्यात जा. मी तिकडेच येतो."

शेंगांची टोपली तिने डोक्यावर घेतली. सवय नव्हती, मान अवघडली, रिक्षापर्यंत चार शेंगा सांडल्या.

दवाखान्यात जनी बाकावर बसली होती. शांतीने टोपली तिच्या पायाशी ठेवली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. बऱ्याच वेळाने जनीने टोपलीत हात घातला, एक शेंग फोडली, दाणे ओच्यात टाकले. दुसरी फोडली. मग टोपली पायाने थोडी शांतीकडे सरकवली. शांतीही शेंगा सोलू लागली.

"तू लय जोरात सोलतेस," जनी म्हणाली. "दाने फुटतात."

"सवय नाही."

"दिसतंय."

दार उघडून नर्स बाहेर आली. दोघी उभ्या राहिल्या. दाणे जमिनीवर घरंगळले. "श्वास घेतोय. संध्याकाळपर्यंत सांगता येणार नाही, छातीत गेलंय थोडं. पण बोलला." तिला हसू आलं. "म्हणतो, बिल्ला कुठाय? दिनाचा बिल्ला त्याला परत द्यायचाय म्हणे."

जनी बाकावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. शांतीने हात पुढे केला नाही. मघाचा हात तिनेच सोडला होता. आता मागायचा अधिकार नव्हता. जनीनेच रडता रडता तिचं मनगट पकडलं, घट्ट, दुखेल असं.

दिनानाथ आला, त्याच्या खांद्याच्या आधाराने दत्तात्रेयबाबा आले, आणि त्यांच्या मागून रूथला घेऊन धोंडुबाई. बाबा आज पेणहून उपासना घ्यायला निघाले होते, पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतीलाच म्हणाले, "तू कर प्रार्थना, पोरी."

तिने केली. दवाखान्याच्या त्या बोळात, फिनेलच्या वासात, मोठ्याने. काळूरामच्या छातीसाठी केली, जगनसाठी केली, आत शिरलेल्या चौघांसाठी केली, आणि आपल्या अकरा मिनिटांची क्षमा मागितली. मग आमेन म्हणाली.

जनीने एक डोळा उघडून पाहिलं. "झाली? नोकरीचं तर बोललीच नाय."

"त्याला माहीत आहे, जनी."

"माहीत असलं तरी बोलावं. एवढ्या लोकांचं बघतो, इसरत असंल." तिने नाक पुसलं. "बोल गो. माझ्यासमोर बोल."

शांतीने धोंडुबाईंकडे पाहिलं. त्या रूथला थोपटत दुसरीकडे बघत होत्या, पण त्यांचे ओठ दाबलेले होते, हसू आवरावं तसे. मग शांतीने पुन्हा डोळे मिटले आणि तीन वर्षांची जुनी ओळ हळूच म्हटली, या वेळी पेन न दाबता.

"आता बस," जनी म्हणाली, आणि टोपली दोघींच्या मध्ये ओढली. "संध्याकाळ लांब हाय. हळू सोल."